ओळीच्या शेवटचा ‘जा’

कमठाण्याच्या मल्लव्वाला भित्री म्हणणारा माणूस त्या पंचक्रोशीत सापडला नसता. नवरा पटकीत गेला, बाप्तिस्मा घेतला म्हणून सख्ख्या भावांनी दार लावून घेतलं, तरी बाई डगमगली नाही. मिशनच्या मडमेनं तिला बालबोध वाचायला शिकवलं, बायबलबाई केलं आणि प्रार्थनेच्या खोलीमागं एका खणाची जागा राहायला दिली. तेव्हापासून खांद्याला पिशवी, पिशवीत शास्त्र, आणि ही निघाली वस्तीवस्तीवर वाचून दाखवायला. कुत्री अंगावर आली तर ही कुत्र्यांना सोडून त्यांच्या मालकाची खरडपट्टी काढायची. अशी बाई! पण भीती कुणाला चुकलीय? मल्लव्वाची भीती तिच्या दोन डोळ्यांत होती आणि ती तिनं कुणालाच सांगितली नव्हती.

तिची पहिली पुस्तकं कशी होती ते आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ती सुटी सुटी पुस्तकं होती. एकेक शुभवर्तमान वेगळं, गीतं वेगळी. अक्षर हरभऱ्याच्या दाण्याएवढं. प्रत्येक वचन नव्या ओळीवर सुरू व्हायचं आणि त्याचा आकडा बाहेर समासात एकटा उभा असायचा. बोट आकड्यावर ठेवलं की वचन सापडलंच. मल्लव्वा ती पुस्तकं चुलीच्या उजेडातसुद्धा वाचायची, आणि वाचून वाचून निम्मी तोंडपाठ झाली होती. पण वाळवीला शास्त्र काय आणि पोथी काय, सगळं सारखंच. एका पावसाळ्यात तिनं तो गठ्ठा आतून पोखरून टाकला.

मडमेला वाईट वाटलं. बिदरहून येताना तिनं मल्लव्वासाठी नवंकोरं पुस्तक आणलं. अख्खं शास्त्र एकाच पुस्तकात, काळी कातडी बांधणी, कडेला लाल रंग. सगळ्या बाया हात लावून बघायला लागल्या. मल्लव्वानं ते कपाळाला लावलं, घरी नेलं, उघडलं, आणि परत मिटलं.

एका पानावर दोन रकाने. मधे केसासारखी बारीक रेघ. अक्षर मोहरीएवढं. कागद इतका पातळ की मागच्या पानाची शाई पुढं दिसायची. आणि आकडे? ते बाहेर समासात उभे राहायचं सोडून शब्दांच्या गर्दीत घुसलेले. त्यातला दोनचा आकडा तर तिचा वैरीच झाला. ‘२’ आणि ‘र’ तिला सारखेच दिसायचे. एकदा गावातल्या उद्धवरावांच्या ओसरीवर ‘२ जा’ असं होतं ते तिनं ‘रजा’ असं वाचलं. उद्धवराव उर्दू शाळेत शिकलेले. ते मान डोलवून म्हणाले, “वा! खुदा की रजा, देवाची मर्जी. शास्त्रात बी हाय म्हणा की.” सगळे खूश झाले. मल्लव्वा घामानं भिजून घरी आली.

डोळ्यांवर सारा आधीपासूनच चढत होता. बुबुळावर दुधाची साय धरल्यासारखं दिसायचं. बिदरच्या बाजारातून तिनं एक चष्मा आणला, त्यानं मोहरीची अक्षरं मोठी झाली पण साय तशीच राहिली. डोळ्यातला मोती काढणारा एक माणूस जत्रेत सुई घेऊन बसायचा, पण त्यानं मैलूरच्या एका म्हातारीचा डोळाच घालवल्याचं ऐकलं होतं. तिकडं जायची मल्लव्वाची छाती झाली नाही. सांगावं तर कुणाला? वाचता येत नाही ती बायबलबाई कसली? खण जाईल, पिशवी जाईल, मग भावांच्या बंद दारापुढं जाऊन बसायचं का?  मडम वर्षातून एकदा यायची आणि कुठलंही पान उघडून “वाच” म्हणायची. त्या दिवसाच्या आठवणीनं मल्लव्वाला महिनाभर आधीपासून जुलाब व्हायचे. खोटं कशाला सांगा!

मग तिनं आपल्यापुरती एक युक्ती काढली. ज्वारीच्या धाटाची एक पातळ चोई सोलून घेतली, सपाट, बोटभर रुंद. वाचताना ती मधल्या रेघेवर उभी धरायची. म्हणजे नजर डाव्या रकान्यातून उड्या मारून उजव्यात जायची नाही. ओळ संपली की चोईला आपटून परत फिरायची. दिवस डोक्यावर असताना, दारात बसून, चोई लावून ती एकेक ओळ लावायची आणि पाठ करायची. दुसऱ्या दिवशी लोकांपुढं पुस्तक उघडून पाठ म्हणायची. पण लोकांपुढं चोई मात्र ती काढायची नाही. एकदा मडमेनं विचारलं, “हे काय, मल्लव्वा?” ही पटकन म्हणाली, “खूण हाय, मडम. पानाची खूण.” तेव्हापासून चोई घरीच उशाखाली राहायची.

अशी पाच-सहा वर्षं गेली. बाई नुसती भीतीवर जगत होती म्हणा.

मग अठ्ठेचाळीस साल उजाडलं आणि भीती सगळ्यांच्याच घरात येऊन बसली. निजामाचं राज्य राहणार की जाणार यावरून हैदराबादेत ओढाताण चाललेली, आणि इकडं गावोगाव रझाकारांची धास्ती. आज अमक्या गावात जाळपोळ, उद्या तमक्या गावची माणसं रानात. खरं किती, खोटं किती, देव जाणे. लेकीबाळी असलेली घरं पश्चिमेला निघाली, सोलापूरकडं, सरहद्दीपलीकडं.

मल्लव्वाच्या शेजारी वच्छलाबाई राहायची. विधवा, शेतमजुरी करणारी, बोलायला फटकळ. पण मल्लव्वाच्या ताटात रोज एक भाकर पडायची ती तिच्याच तव्यावरची. तिची एकच पोर, रुता. चौदाव्यात आलेली, देखणी. आता ह्या दिवसांत देखणी पोर म्हणजे आईच्या जिवाला घोर. वच्छलाबाईचा भाऊ सोलापुरात गिरणीत होता. पण वाटेत कारंजा नदी श्रावणाच्या पाण्यानं फुगलेली, आणि नदीच्या पुढं नाके. जावं की राहावं? बाई आठ दिवस झोपली नव्हती.

एका सकाळी प्रार्थना आटोपली. पाच-सहा बाया बसलेल्या. वच्छलाबाई पुढं सरकली.

“अक्का, पुस्तक उघडून बघ की जरा. जाऊ का राहू?”

“वच्छला, शास्त्र म्हंजे काय पंचांग हाय? असं बघत न्हाईत.”

“मग काय नुसतं पिशवीत घालून हिंडायला हाय ते? माझ्या पोरीचा सवाल हाय. उघड.”

सगळ्या बाया मल्लव्वाकडं बघायला लागल्या. त्याच वेळी तिनं नाही म्हणायला हवं होतं. पण सहा जोडी डोळे आपल्यावर लागलेत म्हटल्यावर तिला एकच वाटलं, मी टाळायले म्हणजे ह्यांना कळणार. तिनं पुस्तक पुढं केलं. वच्छलाबाईनं डोळे मिटून पान उघडलं आणि बोट टेकवलं. कुठल्यातरी जुन्या संदेष्ट्याचं पान निघालं. मल्लव्वाला त्यातलं अक्षरही पाठ नव्हतं.

चोई घरी उशाखाली. बाहेर आभाळ भरलेलं, उजेड मेलेला. मल्लव्वानं पुस्तक नाकाजवळ नेलं.  तिनं बोटाखालची ओळ धरली आणि जमेल तसं वाचलं:

“परमुलखात जा... भिऊ नका, मी तुमच्याबरोबर आहे.”

 मग वच्छलाबाईनं पुस्तकाच्या पाया पडल्यासारखं केलं आणि उठली. मल्लव्वाच्या छातीवरचं ओझं उतरलं. वाचून झालं, अडखळलं नाही, कुणाला कळलं नाही. त्या क्षणी तिला एवढंच वाटलं. माणूस आपल्या भीतीपुढं दुसऱ्याचं काही बघत नाही, हेच खरं.

दुपारच्या आत उद्धवरावांची गाडी नदीकडं निघणार होती. त्यांचीही सून त्यात होती. वच्छलाबाईनं दोन लुगडी बांधली, कोंबड्या शेजारणीला दिल्या आणि पोरीला घेऊन गाडीत बसली.

दुपारी ऊन पडलं. मल्लव्वा सवयीनं दारात बसली. मनात आलं, एवढं चांगलं वचन आहे, पाठ करून ठेवावं. तिनं पान काढलं. बोट टेकवलं होतं तिथं कागदावर वच्छलाबाईच्या घामाचा डाग राहिला होता. मधल्या रेघेवर चोई ठेवली. ‘परमुलखात जा’. बरोबर. ओळ तिथंच संपत होती. पण ‘जा’च्या पुढं काहीतरी होतं. तिनं पुस्तक उन्हात कलतं धरलं. एक बारीक आडवी रेघ. शब्द मधेच तोडलेला. तिनं बोट खालच्या ओळीवर नेलं.

‘ऊ नका.’

तिनं परत वाचलं. जा-ऊ नका. परमुलखात जाऊ नका. आणि ते ‘भिऊ नका, मी तुमच्याबरोबर आहे’? ते चोईच्या पलीकडं, उजव्या रकान्यात होतं. दुसऱ्याच कुणाला, दुसऱ्याच वेळी म्हटलेलं. तिची नजर रेघ ओलांडून गेली होती.

“अगं बया गं!” ती मोठ्यानं ओरडली.  तिनं देवाच्या तोंडात उलटं घातलं होतं आणि त्यावर एक आई पोर घेऊन पुराच्या पाण्याकडं गेली होती.

सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार. दिसत नाही म्हणून सांगावं लागणार, आणि गाडीत उद्धवराव आहेत, म्हणजे संध्याकाळच्या आत गावभर. गप्प बसायचं तर कोण विचारतंय? मल्लव्वा उंबऱ्यावर उभी राहिली, परत बसली, परत उठली. ती आत जाऊन पाणी प्यालीसुद्धा. मग रुताचा आवाज तिच्या कानात आला. सकाळी जाताना पोर म्हणाली होती, “येते, मल्लव्वामावशी.” बस्स. तिनं पुस्तक पदरात गुंडाळलं, चोई कमरेला खोचली आणि निघाली.

नदी दोन कोसांवर. वाट तिला नुसती तांबडी-काळी दिसत होती. पण चिखलात गाडीच्या चाकोऱ्या ताज्या होत्या. तिनं वहाणा काढल्या आणि अनवाणी पायानं चाकोरी चाचपत चालायला लागली. पाय चाकोरीतून बाहेर पडला की परत आत घ्यायचा. दोनदा पडली. एकदा समोरून घोड्यांच्या टापा ऐकू आल्या तशी ती तुरीच्या रानात शिरून पालथी पडली. कोण होतं ते तिला दिसलं नाही. टापा गेल्यावर ती रांगत परत चाकोरीत आली. आता पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला होता.

काठावर माणसं थांबली होती. नावाड्या भीमण्णाची हरगोल, म्हणजे ती कातड्यानं मढवलेली गोल टोपलीसारखी होडी, एक खेप टाकून नुकतीच परत आली होती. पलीकडच्या काठाला उद्धवरावांची सून पोचली होती. आता वच्छलाबाईनं पोरीचा हात धरून पाय उचलला होता.

“वच्छला! थांब! जाऊ नको!”

सगळे वळले. चिखलानं माखलेली मल्लव्वा हात पुढं करून येत होती.

“अक्का? तू कामून आलीस?”

“मी चुकले. पुस्तकात ‘जा’ न्हाई. ‘जाऊ नका’ हाय. शब्द तुटलाय गं, अर्धा खालच्या ओळीत गेलाय. मला खालची ओळ दिसली न्हाई. मला...” तिनं पदरातलं पुस्तक बाहेर काढलं. “मला दिसतच न्हाई, वच्छला. कैक वर्सं झाली. मी तुमच्यापुढं पाठ म्हणत होते.”

उद्धवराव पुढं आले. “हे बघ बाई, सकाळी एक, दुपारी एक. दिसत न्हाई म्हणतीस, मग आता कसं दिसलं?” त्यांनी पुस्तक घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं. त्यांना उर्दू यायची, हिशेबाची मोडी यायची, पण छापील बालबोध लिपीशी त्यांची ओळख नव्हती. भीमण्णा कानडी. बाकीचे अंगठेबहाद्दर. सगळ्या काठावर ते पान वाचू शकणारं माणूस एकच होतं आणि ती आंधळी होती. मल्लव्वाला वाटलं, आता हे मला खोटी ठरवणार आणि पोर पाण्यात जाणार.

वच्छलाबाई मात्र शांत होती. ती जवळ आली.

“अक्का, तुला दिसत न्हाई ते मला ठाऊक हाय.”

“काय?”

“कवापासून. रुता पुढ्यात उभी राहिली तरी ‘कोण गं’ म्हणतीस. भाकर ताटात कुठं हाय ते चाचपतीस. सगळ्या वस्तीला ठाऊक हाय. कुणी बोललं न्हाई, एवढंच.”

मल्लव्वा खालीच बसली. एवढी वर्षं जे लपवायला ती मरत होती ते सगळ्यांना ठाऊक होतं.

“मग माझं ऐकलीस कामून? दिसत न्हाई ठाऊक असून?”

“म्हणून तर ऐकलं!” वच्छलाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. “मला वाटलं, हिला अक्षर दिसत न्हाई, पान पाठ न्हाई, तरी बोलायलीय. म्हंजे हे हिचं न्हवं, वरचं हाय.”

हे ऐकून मल्लव्वाला जी भीती वाटली तशी तिला कधीच वाटली नव्हती. रझाकारांची नाही, खण जायची नाही. ती थंडी वाजल्यासारखी कुडकुडायला लागली.

“मग आता सांग,” वच्छलाबाई म्हणाली. “जाऊ का राहू?”

“मला विचारू नको. पुस्तकालाबी विचारू नको. तुला डोळे हायत न्हवं? नदीकडं बघ.”

वच्छलाबाईनं बघितलं. सकाळपासून पहिल्यांदाच तिनं नीट बघितलं असावं. बाभळीचं आख्खं झाड गिरक्या घेत चाललं होतं. “भीमण्णा, पाणी चढायलंय का?”

“व्हय अक्का. मघाशी तो दगड दिसत होता. आता न्हाई.” भीमण्णानं हरगोल काठाला बांधायला घेतली. “खरं सांगू? म्या बी आता टाकत न्हाई खेप.”

परतताना वच्छलाबाईनं मल्लव्वाचं मनगट धरलं होतं. “इथं खड्डा हाय... इथं दगूड.” पहिल्यांदाच कुणी तिला उघडपणे वाट दाखवत होतं.

राहिल्या म्हणून वाचल्या की नशिबानं, कुणी सांगावं? श्रावण-भाद्रपद त्या मायलेकींनी जीव मुठीत धरून काढला. मग फौजा आल्या, राज्य गेलं. भीती मात्र गेली नाही. तिनं नुसती घरं बदलली, आणि आदल्या महिन्यात ज्यांचा धाक होता त्यांच्या गल्ल्यांत आता बाया दारं लावून बसल्या. मडम आली तेव्हा मल्लव्वानं तिला सगळं सांगितलं. मडम रडली आणि म्हणाली, “आधी का नाही सांगितलंस? मोठं अक्षर मागवलं असतं.” खण गेला नाही की पिशवी गेली नाही. बघा, ज्याच्यासाठी एवढं केलं ते कुणी काढून घेणारच नव्हतं.

पण मल्लव्वाला झोप नव्हती. नदीकाठची ती थंडी अंगातून जात नव्हती. पाच-सहा वर्षं ती घरोघर वाचत फिरली होती. लग्नात, बाळंतिणीच्या खाटेशी, मरणाऱ्याच्या उशाशी. पाठ असलेलं होतं ते ठीक. पण जे पाठ नव्हतं ते? कुठल्या घरात तिची नजर रेघ ओलांडून गेली होती? तिनं देवाला काय काय बोलायला लावलं होतं? मग एक दिवस ती काठी घेऊन निघाली आणि दारोदार विचारायला लागली, “मी तुमच्याकडं काय वाचलंवतं, आठवतंय का?”

लोक हसायचे. “लई चांगलं वाचलीस की गं!” कुणाला काही आठवायचं नाही, आणि दर घरातून बाहेर पडताना तिचा जीव थोडा भांड्यात पडायचा.

वस्तीच्या टोकाला रुद्रम्मा राहायची. म्हातारी, एकटी. तिनं मल्लव्वाला ओसरीवर बसवलं.

“आठवतंय तर. माझं पोरगं भांडून गेलंवतं तवा तू आलतीस. काय वाचलीस ते मी कधी इसरले न्हाई. ‘पोटच्या लेकराला उंबऱ्याच्या आत घेऊ नको.’”

असं वाक्य त्या अख्ख्या पुस्तकात कुठंच नव्हतं. असूच शकत नव्हतं. मल्लव्वाच्या डोळ्यांपुढं ते दोन रकाने आले आणि मधली केसासारखी रेघ.

“मग?” तिनं विचारलं. 

“मग काय! आला होता औंदा आषाढात. बायको, कडेवर लेकरू. दारात उभा राहिला. म्या दार उघडलं न्हाई. लई रडले आतल्या आत. पर देवाचं वचन हाय, मोडावं कसं?”

मल्लव्वानं चाचपत तिचा हात धरला.

“रुद्रम्मा, ते देव न्हवता गं. ते मी.”

म्हातारीला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिनं हात सोडवून घेतला नाही. नुसतं विचारलं, “मग आता त्याला कुठं हुडकू?”

 मल्लव्वा काठी टेकत उठली. शेजारच्या घराचं दार उघडं असावं, आतून जात्याचा आवाज येत होता. ती तिथंही विचारायला त्या दाराकडं वळली.